पोटखराबा

वाकीच्या माळावर, गट नंबर दोनशे अकरा.
पंधरा वर्षं वनीकरणाकडं होती ही जमीन,
म्हणजे पहिली तीन वर्षं वनीकरणाकडं
आणि पुढची बारा वेड्या बाभळीकडं.

करार संपल्याचा कागद आला, सही मीच केली.
जुना बांध कुठून जात होता
ते सांगायला गावात एकच माणूस उरलेला,
दस्तगीरचाचा, तेव्हाचा रोपवनाचा वाचमन.
आला सकाळीच, पायात टायरच्या चपला.
मागं त्याचाच मुजीब, जेसीबी घेऊन,
तासाला बाराशे.

आधी घाणेरी गेली.
लाल-पिवळी फुलं दात्यांत अडकून
मशिनीला बाशिंग बांधल्यागत दिसली.
मग बाभळी, मुळासकट.
मग निघत गेलं खालचं:
सशाचं बीळ, तितराची मोकळी अंडी,
ओंजळभर सायाळीचे काटे,
एक प्लास्टिकची घागर, बूड नसलेली.
"ही माझी," चाचा म्हणाला.
"हिनंच पाणी घातलं अकराशे रोपांना.
टँकर थांबायचा वढ्यात, तिथून खांद्यावर.
बिल निघायचं जगल्या झाडावर.
चौसष्ट जगली."
आणि दाखवायला लागला, जशी लग्नाला गेलेली लेकरं:
हा सिसू. ती करंजी.
हा लिंब, तिसऱ्या उन्हाळ्यात वाळवी लागली होती,
डांबर लावलं.

करंजीच्या खोडात पत्र्याचा बिल्ला होता, तीनशे सतरा,
सालीनं अर्धा गिळलेला.
मुजीबनं बकेट वर धरून ठेवलं.
"अब्बा, बाजूकू हो."
चाचा तिथंच वाकला,
चपलेत खडा गेला होता म्हणे.

मी म्हटलं, राहू द्या ही एक.
"कामून? सावलीत ज्वारी येत नसती, बाई.
लावायचे पैसे मी घेतले, काढायचे पोरगं घेतंय.
बिल्ला तेवढा दे काढून."

पक्कड नव्हती. विळ्याच्या टोकानं
अर्धा तास उचकटत बसलो दोघं.
वर इंजिन चालू,
तासाला बाराशे.

दिवस मावळताना माती उघडी पडली.
मला आठवत होता तो बरड, पांढरा मुरूम,
फाळाला ठिणग्या देणारा.
ही काळी होती, वीतभर खोल.
बारा वर्षं पाला खाली कुजत होता
आणि आम्ही बांधावरून शिव्या देत होतो.
मूठभर उचलली, वास घेतला,
कुणी बघायच्या आत टाकून दिली.

तलाठ्यानं विचारलं, आधी काय होतं?
झाडी, म्हटलं.
तसा रकाना नव्हता. त्यानं 'पडीक' लिहिलं,
आणि वढ्याकडच्या सहा गुंठ्यांना 'पोटखराबा'.
तिकडं मशीन नेलंच नाही.
सायाळ तिकडं पळाली, असं मुजीब म्हणाला.
खरं-खोटं त्याला ठाऊक,
डिझेलही संपत आलं होतं.

उडीद पेरला.
तिफणीमागं चालताना टाचेत
बाभळीचा काटा मोडला, टोक आत राहिलं.
काट्यानंच काटा निघतो म्हणतात,
म्हणून सायाळीचा काटा घेऊन
रात्री बल्बखाली बसले.
नाही निघाला.
"पिकला की येतो आपसूक वर,"
चाचा म्हणाला. त्याच्या करदोड्याला
किल्ल्यांच्या जोडीनं तीनशे सतरा.

आता शेंगा धरल्यात.
रोपवनाची पाटी, 'येथे चराई करू नये',
कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलीय, उलटी.
तासात मधेच एखादी बाभूळ उगवते,
दोन पानांची, पोपटी, लहान लेकरासारखी लुसलुशीत.
मी खुरपं मारते.
दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी दुसरी.
खाली बसताना अजून
टाच नीट टेकवत नाही.